मेकाँगच्या पलीकडे: थायलंडहून जमिनीवरून लाओसला जाताना

नोंग खाईच्या ता सादेत घाटावरून पलीकडचा लाओस स्वच्छ दिसतो. माणसं, पोती, भाज्यांच्या पाट्या घेऊन होड्या ये-जा करत असतात. पण त्या होड्या फक्त थाई आणि लाओ रहिवाशांसाठी आहेत. परदेशी पासपोर्टवाल्याला तिथून पार होता येत नाही. नाखोन फनोमच्या घाटावरही तोच नियम. चियांग खोंगची होडी पूर्वी परदेशी पर्यटक घेत असत, पण २०१३ मध्ये तिथे पूल झाला आणि तीही बंद झाली. जुन्या प्रवासवर्णनांत ‘होडीने पाच मिनिटांत लाओस’ असं वाचून निघालेले लोक आजही घाटावर येऊन थबकतात आणि मग पुलासाठी टुकटुक शोधतात.

थायलंड-लाओस सीमा सुमारे १,८०० किलोमीटर लांब आहे आणि तिचा निम्म्याहून जास्त भाग मेकाँग नदीतूनच जातो. १८९३ मध्ये सयामने, म्हणजे तेव्हाच्या थायलंडने, डावा किनारा फ्रेंचांना दिला, तेव्हा नदी ही सीमा झाली. पुढे १९०४ च्या तहात उजव्या किनाऱ्यावरचा सायाबुरीचा डोंगराळ पट्टा आणि पाक्सेसमोरचा चंपासाकचा भागही लाओसकडे गेला. प्रवाशाच्या दृष्टीने या इतिहासाचं फलित एवढंच, की बहुतेक नाक्यांवर पूल ओलांडावा लागतो आणि चोंग मेकसारख्या मोजक्या ठिकाणी सीमा कोरड्या जमिनीवर आहे.

खरी सीमा ओलांडायला अर्धा-पाऊण तास लागतो. दिवस वाया जातो तो चुकीचा नाका निवडल्यामुळे, कागद अर्धे असल्यामुळे, नाहीतर नाक्यापासून गावापर्यंतच्या शेवटच्या पाच-वीस किलोमीटरांत. म्हणून सुरुवात नाक्यांपासून.

कोणता नाका कोणासाठी

आपण आत्ता कुठे आहोत यापेक्षा लाओसमध्ये पुढे कुठे जायचं आहे ते पाहून नाका ठरवावा.

नोंग खाई–व्हिएन्टियान हा पहिला मैत्री पूल. ऑस्ट्रेलियाच्या पैशातून बांधलेला, १,१७० मीटर लांब, ८ एप्रिल १९९४ ला खुला झाला. रस्त्याच्या मधोमध मीटरगेज रुळ आहेत. आगगाडी जाताना पुलावरची वाहनं थांबवतात. राजधानी, वांग व्हिएंग किंवा रेल्वेने लुआंग प्रबांगला जायचं असेल, तर डोळे मिटून हाच नाका घ्या. तो सकाळी ६ ते रात्री १० उघडा असतो, आगमनावर व्हिसा मिळतो, आणि काही अडलं तर सोडवायला माणसंही इथेच सर्वाधिक असतात.

मुकदाहान–सवन्नखेत हा दुसरा, १,६०० मीटरचा, जपानी कर्जातून झालेला. तो डिसेंबर २००६ मध्ये पूर्ण होऊन जानेवारी २००७ मध्ये वाहतुकीला खुला झाला. याचं महत्त्व व्हिएतनामला जाणाऱ्यांना. सवन्नखेतहून महामार्ग ९ सरळ पूर्वेला लाओ बाओ नाक्यापर्यंत जातो, अंतर सुमारे २४० किलोमीटर. मुंबई-पुण्याच्या दीडपट. पण रस्ता दुपदरी आणि ट्रकांनी भरलेला, तेव्हा वेळेचा हिशेब द्रुतगती मार्गाचा धरू नका. व्हिएतनामचा ई-व्हिसा काढताना प्रवेशाचा नाका अर्जात निवडावा लागतो. तिथे विमानतळ निवडून लाओ बाओला पोचलात तर अडचण होते.

नाखोन फनोम–थाखेक हा तिसरा. ११-११-११ या तारखेला त्याचं उद्घाटन झालं. चुनखडीचे डोंगर, कोंग लोर गुहा आणि मोटारसायकलवरची प्रसिद्ध थाखेक फेरी यांच्यासाठी हा सोयीचा. त्यात रस नसेल तर इथे यायचं कारण नाही.

चियांग खोंग–हुआय साय हा चौथा, डिसेंबर २०१३ चा. उत्तर थायलंडमधून, म्हणजे चियांग माय-चियांग रायकडून, दोन दिवसांच्या संथ बोटीने लुआंग प्रबांगला जाणारे सगळे इथून जातात. इथून बोतेनमार्गे चीनकडेही रस्ता जातो.

चोंग मेक–वांग ताओ दक्षिणेला, उबोन राचथानीहून ऐंशी-नव्वद किलोमीटरवर. इथे नदी नाही. पादचाऱ्यांसाठी सीमेखालून भुयारी वाट आहे आणि पुढे पाक्से चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर. बोलावेनचं कॉफीचं पठार, वाट फू मंदिर, चार हजार बेटं यासाठी हाच.

नान प्रांतातला हुआय कोन किंवा लोएईमधला ता ली हे नाके देखणे आहेत, पण पुढची वाहतूक तुटपुंजी आणि व्हिसाच्या सोयी मर्यादित. पहिल्याच खेपेला तिथे जाऊ नये.

एक जोडटीप. थायलंड आणि कंबोडिया यांच्यातले जमिनीवरचे नाके जून २०२५ मध्ये संघर्षामुळे बंद झाले. ते उघडल्याची खात्री झाल्याशिवाय बँकॉकहून बसने सिएम रीप अशी आखणी करू नका. अशा वेळी लाओस हा वळसा उपयोगी पडतो: चोंग मेक, पाक्से, चार हजार बेटं आणि तिथून दक्षिणेला नोंग नोक खियेन नाक्याने कंबोडियातल्या स्टंग ट्रेंगला. त्या नाक्यावर शिक्क्यासाठी एक-दोन डॉलर जास्त मागण्याची जुनी रीत आहे. पावती मागावी, पण तासभर हुज्जत घालण्यासारखी ती रक्कम नव्हे.

निघण्याआधी: कागद

पासपोर्ट लाओसमध्ये शिरण्याच्या तारखेपासून किमान सहा महिने वैध हवा आणि त्यात निदान दोन पानं कोरी हवीत. लाओसचा चिकटवायचा व्हिसा एक अख्खं पान खातो, आणि दोन्ही देशांचे शिक्के वेगळे.

लाओसचा व्हिसा दोन प्रकारे मिळतो. आगमनावर मिळणारा व्हिसा वर सांगितलेल्या चारही मैत्री पुलांवर आणि वांग ताओला मिळतो, ३० दिवसांचा. भारतीय पासपोर्टला ४० डॉलरच्या आसपास शुल्क, शिवाय सुट्टीच्या दिवशी वा कार्यालयीन वेळेबाहेर किरकोळ अधिभार. जवळ ५० डॉलर असतील अशा बेताने निघा, तेही १०-२० च्या सुट्या नोटांत. नोटा नव्या हव्यात. दुमड पडलेली, कोपरा फाटलेली, शाईचा ठिपका असलेली नोट खिडकीतून सरळ परत येते. थाई चलनात, म्हणजे बाहतमध्येही शुल्क घेतात, पण तो दर डॉलरपेक्षा नेहमी महाग पडतो. पासपोर्ट आकाराचे दोन फोटो भारतातूनच न्या. फोटो नसेल तरी काम होतं, फक्त थोडे पैसे जास्त जातात.

दुसरा मार्ग ई-व्हिसा. लाओ सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरच अर्ज करा, कारण दिसायला तशीच आणि दुप्पट पैसे घेणारी दलालांची संकेतस्थळं बरीच आहेत. ई-व्हिसा सगळ्या नाक्यांवर चालत नाही. संकेतस्थळावरच्या यादीत आपला नाका आहे का, हे अर्ज भरण्याआधी पाहा. मंजुरीपत्राची कागदी प्रत हवी, मोबाइलवरच्या प्रतीवर विसंबू नका. पहिल्या पुलावरून जाणाऱ्याला आगमनावरचा व्हिसा पुरेसा सोयीचा आहे. थेट बसने जाणाऱ्याने मात्र ई-व्हिसा घ्यावा. त्याचं कारण पुढे येईल.

लाओसने २०२५ पासून काही प्रमुख नाक्यांवर आगमनाचा फॉर्म ऑनलाइन भरण्याची सोय केली आहे. तो आदल्या दिवशी भरून मिळालेला क्यूआर कोड मोबाइलमध्ये जपून ठेवा. कागदी फॉर्म मागितला तर तोही भरायची तयारी असू द्या.

आता थायलंडची बाजू. लोक इथेच चुकतात, कारण लक्ष सगळं लाओसकडे असतं. १५ जुलै २०२४ पासून थायलंडने भारतीयांना ६० दिवस व्हिसाशिवाय प्रवेश दिला. हा कालावधी कमी करण्याची चर्चा तिथे नंतर सुरू झाली, म्हणून तिकीट काढण्याच्या आठवड्यात दूतावासाच्या संकेतस्थळावर ताजा नियम पाहा. व्हिसाशिवाय मिळणारा प्रवेश जमिनीवरून एका कॅलेंडर वर्षात दोनदाच मिळतो. बँकॉकला विमानाने उतरलात, लाओसला जाऊन पुलावरून परत आलात, की त्यातला एक वापरला गेला.

तुमच्याकडे थायलंडचा एकदाच प्रवेश देणारा व्हिसा असेल, तर पूल ओलांडताच तो संपतो, मुदत शिल्लक असली तरी. परत त्याच व्हिसावर यायचं असेल तर बाहेर पडण्यापूर्वी पुनर्प्रवेशाचा परवाना घ्यावा लागतो. एका वेळेसाठी १,००० बाहत. शिक्का बसून गेल्यावर तो मिळत नाही.

१ मे २०२५ पासून थायलंडमध्ये शिरणाऱ्या प्रत्येक परदेशी माणसाला डिजिटल आगमन कार्ड भरावं लागतं, आणि हा नियम जमिनीवरच्या नाक्यांनाही लागू आहे. ते फुकट आहे आणि प्रवेशाच्या आधीच्या तीन दिवसांतच भरता येतं. लाओसहून परतताना ते नव्याने भरायचं. विमानतळावर वापरलेलं जुनं कार्ड चालत नाही. फॉर्म भरताना मराठी माणसाची ठरलेली चूक म्हणजे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव. पासपोर्टवर ते ‘दिलेलं नाव’ या रकान्यात स्वतःच्या नावापुढे छापलेलं असेल, तर ऑनलाइन फॉर्ममध्येही ते तसंच तिथेच टाका. नुसतं ‘संदीप’ आणि ‘कुलकर्णी’ लिहून मधलं गाळलं, की खिडकीतला माणूस दोन्ही कागद शेजारी ठेवून बघत बसतो.

पहिला पूल, पायरीपायरीने

बँकॉकहून नोंग खाईला रात्रीची गाडी किंवा बस, नाहीतर उदोन थानीपर्यंत विमान आणि तिथून व्हॅन. उदोन थानीहून नोंग खाई साधारण ५५ किलोमीटर. नोंग खाईच्या बस स्थानकावरून पुलापर्यंत टुकटुक मिळते. चालक वाटेत एखाद्या ‘व्हिसा ऑफिस’समोर थांबवून फॉर्म भरून देतो म्हणेल. तिथे उतरू नका. तोच फॉर्म पलीकडे फुकट मिळतो.

पहिलं काम थाई बाजूचा बाहेर पडण्याचा शिक्का. परदेशी पासपोर्टची रांग वेगळी असते, पाटी वाचून उभे राहा. शिक्का बसल्यावर तारीख तिथेच वाचा. थायलंडमध्ये परवानगीपेक्षा जास्त राहिला असाल, तर दिवसाला ५०० बाहत दंड इथे भरावा लागतो, कमाल २०,०००. तो रोखीने.

पूल पायी ओलांडायला परवानगी नाही. इमिग्रेशन संपलं की समोर बस उभी असते. खिडकीवर तिकीट घ्यायचं, वीस-तीस बाहतचा मामला. सामान मांडीवर किंवा पायाशी. बस भरली की सुटते, पाचेक मिनिटांत पलीकडे. पुलावर वाहनं थायलंडच्या रीतीने डावीकडून धावतात आणि लाओ बाजूला उतरल्यावर रस्ता फुलीसारखा वळून सगळे उजवीकडे जातात. बसमधून उतरून रस्ता ओलांडताना आपण सवयीने उजवीकडे बघतो. लाओसमध्ये आधी डावीकडे बघायचं.

लाओ बाजूला उतरल्यावर इमिग्रेशनच्या रांगेत लगेच घुसू नका. आगमनावरचा व्हिसा हवा असेल तर त्याची खिडकी आधी. फॉर्म, फोटो, पासपोर्ट आणि डॉलर एका खिडकीत द्यायचे, दुसऱ्या खिडकीतून व्हिसा लागलेला पासपोर्ट घ्यायचा. गर्दी नसेल तर १५-२० मिनिटं, दोन पर्यटक बस एकदम आल्या तर तासभर. फॉर्ममध्ये मुक्कामाचा पत्ता विचारतात. हॉटेलचं नाव आणि शहर लिहिलं तरी चालतं, कोरं सोडलं तर चालत नाही.

यानंतर प्रवेशाचा शिक्का, आणि तो पानावर प्रत्यक्ष दिसल्याशिवाय पुढे पाऊल टाकू नका. वांग ताओसारख्या ठिकाणी लोकांच्या लोंढ्याबरोबर चालत कोणी न अडवता थेट बाहेरच्या टॅक्सीतळावर पोचता येतं. स्थानिकांची ये-जा वेगळ्या कागदावर चालते, म्हणून त्यांच्या मागोमाग जाणं हा शहाणपणा नाही. शिक्क्याशिवाय आत गेलेला माणूस देश सोडताना सापडतो, आणि तेव्हा प्रकरण बेकायदा प्रवेशाचं होतं.

बाहेर पडताना काही नाक्यांवर छोटं प्रवेशशुल्क भरून फाटकाचं कार्ड किंवा चिठ्ठी घ्यावी लागते. बाहत चालतात.

मग शेवटचा टप्पा. व्हिएन्टियान शहर अजून वीसेक किलोमीटर आहे. १४ क्रमांकाची शहर बस नाक्यापासून सकाळच्या बाजारापर्यंत, म्हणजे तलात साओला जाते. ती स्वस्त, वातानुकूलित, आणि संध्याकाळी लवकर बंद होणारी. उलट दिशेची १४ क्रमांकाची बस बुद्ध उद्यानाकडे जाते, म्हणून चढताना ‘तलात साओ’ एवढं एकदा विचारा. टुकटुकवाले फाटकाशीच गाठतात आणि पहिला भाव बसच्या कितीतरी पट असतो. मोबाइलवर लोका हे ॲप असेल तर तुलनेला भाव हाताशी राहतो, पण त्यासाठी इंटरनेट लागतं. थाई सिमचा सिग्नल नाक्यावर जेमतेम मिळतो आणि शहराकडे निघालं की जातो. नाक्यावर असतानाच गाडी बोलवा.

थेट बस आणि रेल्वे

उदोन थानी आणि नोंग खाईहून व्हिएन्टियानला थेट आंतरराष्ट्रीय बस आहे. स्वस्त, सामान हलवायची कटकट नाही. मात्र आगमनावरचा व्हिसा काढणाऱ्यासाठी ती ताटकळत नाही. काही वेळा तिकीट देतानाच व्हिसा विचारतात आणि नसेल तर तिकीट देत नाहीत. हातात ई-व्हिसा असेल तरच ही बस घ्या.

रेल्वेची गोष्ट जास्त रंजक आहे. २००९ पासून गाडी पुलावरून फक्त पलीकडच्या थानालेंग स्थानकापर्यंत जायची, तीही साडेतीन-चार किलोमीटर. जुलै २०२४ मध्ये बँकॉक–व्हिएन्टियान थेट गाडी सुरू झाली. १३३ क्रमांकाची गाडी बँकॉकच्या क्रुंग थेप अफिवात स्थानकावरून रात्री साडेआठच्या सुमारास सुटते आणि सकाळी नऊच्या आसपास व्हिएन्टियानच्या खामसावात स्थानकात पोचते. नोंग खाईला सगळ्यांना सामानासकट उतरून थाई शिक्का घ्यावा लागतो आणि पुन्हा चढावं लागतं. लाओ इमिग्रेशन खामसावातला. रात्रीच्या झोपेत बर्थखाली बूट-चार्जर पसरले असतील तर नोंग खाई येण्याआधी आवरून ठेवा, उतरायला फार वेळ देत नाहीत.

दोन्ही व्हिएन्टियानचीच असली तरी खामसावात आणि लाओस-चीन रेल्वेचं व्हिएन्टियान ही स्थानकं वेगवेगळी आहेत. थाई रूळ १,००० मिलिमीटर रुंद, डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या चिनी पद्धतीच्या मार्गाचे १,४३५. त्यामुळे गाडी तीच पुढे जात नाही. मध्ये टॅक्सी करावी लागते. त्याच दिवशी लुआंग प्रबांगची गाडी धरायची असेल तर दुपारनंतरचीच काढा. खामसावातला तासभर उशीर हा नेहमीचा आहे. लाओस-चीन रेल्वेच्या स्थानकात सामानाची तपासणी विमानतळासारखी होते. दुर्गंधीनाशकाचा स्प्रे, डास पळवणारा स्प्रे, कात्री, चाकू काढून घेतात. ओडोमॉससारखं क्रीम मात्र सुखरूप जातं.

हुआय साय आणि संथ बोट

चौथ्या पुलाची गैरसोय म्हणजे तो दोन्ही गावांपासून दूर आहे. चियांग खोंगपासून आठ-दहा किलोमीटर, हुआय सायपासूनही तेवढाच. संथ बोट सकाळी अकराच्या सुमारास सुटते. चियांग रायहून पहाटेची पहिली बस धरून बोट गाठायचा बेत कागदावर जमतो, प्रत्यक्षात व्हिसाच्या रांगेत फसतो. आदल्या रात्री चियांग खोंगला मुक्काम करा आणि नाका उघडताना रांगेत असा. त्याहून बरं म्हणजे आदल्या दुपारीच पलीकडे जाऊन हुआय सायला राहणं. सकाळी बोटीत चांगली जागा मिळते, इंजिनापासून लांब. मागच्या बाकांवर दोन दिवस डिझेलचा धूर आणि घरघर सोसावी लागते. बोट मध्ये पाकबेंगला एक रात्र थांबते. पाकबेंगला एटीएमच्या भरवशावर जाऊ नका, किप, म्हणजे लाओ चलन, आधीच काढून ठेवा.

याच भागाबाबत एक गंभीर सूचना. हुआय सायच्या वरच्या अंगाला सुवर्ण त्रिकोण विशेष आर्थिक क्षेत्र आहे. डेटा एंट्री किंवा कॉल सेंटरची नोकरी म्हणून भारतातून तरुणांना बँकॉकला आणायचं, पुढे सीमेपार नेऊन पासपोर्ट काढून घ्यायचे आणि सायबर फसवणुकीच्या कामाला जुंपायचं, असे प्रकार तिथे उघड झाले आहेत. व्हिएन्टियानमधल्या भारतीय दूतावासाने शेकडो भारतीयांना तिथून सोडवलं आणि वारंवार इशारे दिले आहेत. आगमनावरच्या व्हिसावर लाओसमध्ये नोकरी करता येत नाही. एजंट ‘आधी पर्यटक म्हणून चल, परमिट तिकडे करू’ म्हणत असेल, तर तिथेच थांबा आणि पासपोर्ट कोणाच्याही हातात देऊ नका.

वाहन, पैसे, सामान

थायलंडमध्ये भाड्याने घेतलेली मोटारसायकल किंवा गाडी सहसा सीमेपार नेता येत नाही. मालकाची लेखी संमती, गाडीचं जांभळं आंतरराष्ट्रीय पुस्तक आणि लाओसचा विमा हे सगळं लागतं, आणि भाड्याच्या दुकानात ते कोणी करून देत नाही. थाखेकला पोचून तिथलीच गाडी घ्या.

ई-सिगारेट दोन्ही देशांत बेकायदा आहे. थायलंडमध्ये परतताना २०० सिगारेटी आणि एक लिटर मद्य इतकीच करमुक्त मुभा आहे. लाओ बाजूच्या दुकानातून स्वस्त म्हणून जास्त उचललेल्या बाटल्या पुलावरच्या एक्स-रे यंत्रात दिसतात.

एप्रिलच्या मध्यात, सोंगक्रान हे थाई नववर्ष आणि लाओ नववर्ष एकाच आठवड्यात येतात तेव्हा, सगळे नाके तुंबतात. ऑक्टोबरच्या पौर्णिमेला मेकाँगमधून वर उडणारे नागाचे अग्निगोळे बघायला नोंग खाई प्रांतात एवढी गर्दी लोटते, की आधी खोली ठरवली नसेल तर पुलाजवळ झोपायला जागा मिळत नाही.

परतीच्या आदल्या दिवशी किपचा हिशेब करा. एका डॉलरला वीस हजारांहून जास्त किप मिळतात, त्यामुळे खिशात लाखो असल्यासारखं वाटतं, पण लाओसबाहेर किप जवळजवळ कोणी घेत नाही. नाक्यापर्यंतच्या भाड्यापुरते ठेवून बाकीचे शहरातल्या बँकेत बाहतमध्ये बदला, थाई आगमन कार्ड त्याच रात्री भरून टाका, आणि थाई अधिकाऱ्याने विचारलं तर दाखवायला परतीचं तिकीट व २०,००० बाहतइतके पैसे वा खात्याचा तपशील हाताशी ठेवा. १३४ क्रमांकाची परतीची गाडी खामसावातहून संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास निघते. लाओसचा बाहेर पडण्याचा शिक्का गाडीत चढण्याआधी स्थानकातच घ्यायचा असतो, म्हणून साडेपाचला तिथे असावं.